दाह आणि इजा : पहाडगंजलगतच्या हृदयचिकित्सेचा इतिहास

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला पसरलेल्या पहाडगंजाचे नाव जवळच्या रायसीना टेकडीवरून पडले असे मानले जाते. मोगलकाळात शहाजहानाबादच्या तटाबाहेरचा धान्याचा मोठा बाजार म्हणून या वस्तीची ओळख होती, आणि १९२६ मध्ये अजमेरी दरवाजा व पहाडगंज यांच्या मधल्या जागेत रेल्वेच्या नव्या स्थानकाला मंजुरी मिळाल्यावर उतारूंची, हमालांची आणि धर्मशाळांची वस्ती असे तिचे रूप पक्के होत गेले. मराठी वाचकाला हा भाग ओळखीचा असतो तो येथील बृहन्महाराष्ट्र भवनामुळे आणि नूतन मराठी शाळेमुळे. याच वस्तीच्या दक्षिण अंगाला, पंचकुइयाँ रस्त्याच्या बाजूने पसरलेल्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, १९५४ मध्ये उत्तर भारतातील हृदयचिकित्सेचा पहिला स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग उभा राहिला. शरीरभर पसरणारा दाह आणि हृदयाच्या स्नायूला होणारी इजा यांचा परस्परसंबंध काय, या आज जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या प्रश्नाचा दिल्लीतील इतिहास त्या विभागात येणाऱ्या धापा टाकणाऱ्या तरुण स्त्रियांपासून सुरू होतो, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

या विवेचनात दोन शब्द वारंवार येतील, म्हणून त्यांचा अर्थ आधी नेमका करून घेणे इष्ट. दाह म्हणजे जंतू, जखम किंवा अन्य उपद्रव यांना शरीराने दिलेले उत्तर. ते एका जागी असते तेव्हा तेथे लाली, ऊब, सूज व ठणका दिसतो, आणि ते रक्तावाटे सर्वत्र पसरते तेव्हा ताप येतो, भूक मरते, यकृत आपले नेहमीचे काम बाजूला ठेवून काही विशिष्ट प्रथिने भराभर रक्तात सोडू लागते. इजा म्हणजे पेशीचे प्रत्यक्ष नुकसान. हृद्स्नायूच्या पेशीचे आवरण फाटले की एरवी आत बंदिस्त असलेले पदार्थ रक्तात उतरतात, आणि ते तेथे सापडले तर हृदयाचा स्नायू दुखावला आहे असे समजते. पहिल्याची खूण यकृत देते, दुसऱ्याची खूण खुद्द हृदय देते. हा फरक साधा दिसतो, तरी तो नीट कळायला वैद्यकाला जवळपास पूर्ण विसावे शतक लागले, आणि तो कळण्यात दिल्लीतील रुग्णांचा व डॉक्टरांचा वाटा मोठा आहे.

लेडी हार्डिंग महाविद्यालयाची कोनशिला १९१४ च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी हार्डिंग यांच्या हस्ते बसवली गेली. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांचे निधन झाले, आणि ७ फेब्रुवारी १९१६ रोजी लॉर्ड हार्डिंग यांनी संस्थेचे उद्‌घाटन केले. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले महाविद्यालय व रुग्णालय असा तिचा हेतू होता, कारण पडद्यातल्या असंख्य स्त्रिया पुरुष डॉक्टरासमोर येतच नसत आणि बाळंतपणात दगावत. डॉ. केट प्लॅट या पहिल्या प्राचार्या. पहिल्या तुकडीत १६ विद्यार्थिनी होत्या, आणि अंतिम परीक्षेसाठी त्यांना लाहोरच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात जावे लागे. स्त्रियांचे रुग्णालय असणे ही गोष्ट पुढच्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप जाड होऊन, कडा चिकटून अरुंद होणे, हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो, आणि तो बहुतेक वेळा गर्भारपणातच उघडा पडतो. गर्भवतीच्या शरीरातील रक्ताचे आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. निरोगी झडपेला ते सहज पेलते, अरुंद झडपेमागे मात्र रक्त साचून फुप्फुसे भरतात. तोपर्यंत घरकाम करताना जरा लवकर दम लागतो, एवढीच तक्रार असलेली बाई सहाव्या-सातव्या महिन्यात रात्री उठून बसू लागते. जे रुग्णालय प्रामुख्याने बाळंतिणींचे होते तेथे असे रुग्ण येणे ओघानेच आले.

या झडपा बिघडवणारा मूळ आजार म्हणजे संधिवाताचा ताप, ज्याला दवाखान्यांत ‘ऱ्हुमॅटिक फीवर’ म्हणतात. ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूने मुलाचा घसा धरतो, दोन-चार दिवसांत तो बरा होतो आणि घरची मंडळी ते विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा अशी मोठ्या सांध्यांची सूज फिरत राहते, आणि काही मुलांत त्याच वेळी हृदयही या दाहात सापडते. घसा बिघडवणाऱ्या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती हृदयातील सारख्या घडणीच्या घटकांवर उलटते, असा याचा उलगडा पुढे झाला. मेल्व्हिन कॅप्लान यांनी १९६० च्या दशकात या साधर्म्याचे पुरावे मांडले. सांधे कोणतीही खोड न ठेवता बरे होतात, झडपांवरचे व्रण मात्र राहतात आणि वर्षानुवर्षे आखडत जातात.

उष्ण प्रदेशात हा आजार होतच नाही किंवा क्वचित होतो, असा समज ब्रिटिश अमदानीतील वैद्यकात बराच काळ टिकला. तो थंड, ओलसर हवेचा रोग मानला जाई. वस्तुतः या जंतूला थंडीपेक्षा दाटी मानवते. एका खोलीत अधिक माणसे झोपली की एकाच्या खोकल्यातून तो दुसऱ्याच्या घशात जातो. दिल्लीत १९४७ नंतर दाटी कशी वाढली हे शिरगणतीचे आकडेच सांगतात. १९४१ मध्ये दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती, १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली, आणि या वाढीत पश्चिम पंजाब व सरहद्द प्रांतातून आलेल्या जवळजवळ ५ लाख निर्वासितांचा समावेश होता. पहाडगंजाने या उलथापालथीचे दोन्ही आघात सोसले. सप्टेंबर १९४७ च्या हिंसाचारात येथील मुस्लिम रहिवाशांना मोठ्या प्रमाणावर प्राण व घरे गमवावी लागली, आणि रिकाम्या झालेल्या त्याच घरांत, गल्ल्यांत, छपऱ्यांत निर्वासित कुटुंबे येऊन दाटली. फाळणीचा इतिहास लिहिताना माणसे किती आली व किती गेली याची नोंद होते. त्या दाटीत वाढलेल्या मुलांच्या घशांची आणि हृदयांची नोंद कोणत्याही राजकीय इतिहासात नाही, ती रुग्णालयांच्या केसपेपरांत आहे.

असे केसपेपर पद्धतशीरपणे ठेवण्याचे काम दिल्लीत ज्यांनी सुरू केले त्या डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती स्वतःही विस्थापित होत्या. १९१७ मध्ये ब्रह्मदेशातील मग्वे येथे त्यांचा जन्म झाला, रंगूनच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, आणि १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे आई व बहिणींसह त्यांना देश सोडून कोइमतूरला यावे लागले. युद्धानंतर लंडन व एडिंबरा येथील परीक्षा, स्वीडनमधील उमेदवारी, जॉन्स हॉपकिन्समध्ये हेलन टॉसिग यांच्याकडे व हार्वर्डमध्ये पॉल डडली व्हाइट यांच्याकडे शिक्षण असा प्रवास करून त्या परतल्या, तेव्हा केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या सांगण्यावरून १९५३ मध्ये लेडी हार्डिंगमध्ये रुजू झाल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांनी तेथे हृदयरोगाचा बाह्यरुग्ण विभाग आणि कॅथेटरची प्रयोगशाळा उभी केली. कॅथेटर म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत सरकवलेली बारीक नळी, जिच्या साह्याने प्रत्येक कप्प्यातील दाब मोजता येतो; छातीला स्टेथोस्कोप लावून जी गोष्ट कानाने अंदाजावी लागे ती आता पाऱ्याच्या मिलिमीटरांत लिहिता येऊ लागली.

त्या काळच्या डॉक्टरांपुढचा नित्याचा प्रश्न असा होता की समोरच्या रुग्णाच्या हृदयातील दाह विझलेला आहे की अजून धुमसतो आहे. झडपेचा जुना व्रण आणि नव्याने पेटलेला दाह यांत फरक करणे उपचाराच्या दृष्टीने निकडीचे होते, आणि त्यासाठी हाताशी असलेले साधन म्हणजे एक काचेची नळी. रॉबिन फोरेउस यांनी १९१८ च्या सुमारास व अल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये रूढ केलेली ही ईएसआरची तपासणी आजही चालते. चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेट मिसळून ते गोठणार नाही असे करतात, दोनशे मिलिमीटरच्या खुणा असलेल्या अरुंद नळीत ते भरतात, आणि नळी घोडीवर अगदी सरळ उभी करून तासभर तिला कोणी हात लावत नाही. तासाने पाहावे तो तांबड्या पेशी खाली बसलेल्या असतात आणि वर पिवळसर द्रवाचा थर मोकळा झालेला असतो. तो थर किती मिलिमीटर, तेवढा ईएसआर. निरोगी माणसात तो थोडका असतो, संधिवाताच्या तापात तो शंभरावरही जातो. कारण असे, की दाह असताना यकृत फायब्रिनोजेन नावाचे चिकट प्रथिन जास्त बनवते, त्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात, आणि सुट्या नाण्यापेक्षा चळत लवकर तळाला जाते. यंत्र नाही, वीज नाही. एक नळी आणि एक घड्याळ. मात्र ही नळी एवढेच सांगते की शरीरात कोठेतरी दाह आहे. क्षयातही ती वाढते, रक्तक्षयातही वाढते, गर्भारपणातही वाढते, आणि लेडी हार्डिंगच्या रुग्ण बहुतेक वेळा यांपैकी एक-दोन अवस्थांत असतच.

अधिक नेमकी खूण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० मध्ये सापडली होती. ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेतील विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस यांना असे दिसले की न्युमोनियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवात न्युमोकोकस जंतूच्या भिंतीतील ‘सी’ नावाच्या शर्करेला धरून साका पाडणारा एक पदार्थ असतो, आणि रुग्ण बरा झाला की तो नाहीसा होतो. याला पुढे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, आजच्या बोलीत सीआरपी, हे नाव मिळाले. ते केवळ न्युमोनियातच नव्हे तर कोणत्याही जोरदार दाहात येते, हे लवकरच कळले. मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४७ मध्ये ते स्फटिकरूपात वेगळे केले आणि संधिवाताच्या तापाचा मागोवा घेण्यासाठी त्याचा उपयोग सुरू झाला. टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये या आजाराच्या निदानासाठी जे निकष घालून दिले त्यांच्या नंतरच्या सुधारित आवृत्त्यांत ईएसआरच्या जोडीने सीआरपीलाही गौण निकषांत स्थान मिळाले. दाहाचा निरोप पोचल्यावर यकृत सहा ते आठ तासांत ते बनवू लागते, दोन दिवसांत ते शिखर गाठते, आणि निरोप थांबला की दर एकोणीस तासांना निम्मे होत उतरते. निरोगी रक्तात ते अजिबात नसते असा सुरुवातीचा समज होता. अधिक सूक्ष्म मोजमाप शक्य झाल्यावर प्रत्येकाच्या रक्तात त्याचा अंश असतो असे आढळले, आणि याच अंशाला पुढे मोठे महत्त्व आले.

हृद्स्नायूच्या इजेची खूण शोधण्याचा इतिहास याच्याशेजारून, पण वेगळ्या वाटेने गेला. योगायोग असा की ज्या १९५४ साली पंचकुइयाँ रस्त्यालगत कॅथेटरची प्रयोगशाळा सुरू झाली त्याच साली न्यूयॉर्कमध्ये जॉन लाड्यू, फेलिक्स रोब्लेव्स्की व आर्थर कार्मेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात एसजीओटी हे विकर वाढते असे दाखवले. पेशी फुटल्यावर तिच्यातून सांडलेला पदार्थ रक्तात मोजून इजेचा अदमास घेण्याची कल्पना येथून रुजली. परंतु एसजीओटी यकृतातही असते, म्हणून कावीळ झालेल्या रुग्णात ते दिशाभूल करी. पुढे सीके हे विकर व त्याचा सीके-एमबी हा प्रकार आला, पण तो हातापायांच्या स्नायूंतही थोडा सापडे. अखेर उपयोगी पडले ते ट्रोपोनिन. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६५ मध्ये शोधलेले हे तीन प्रथिनांचे संयुग स्नायूच्या आकुंचनावर कॅल्शियमच्या संकेतानुसार नियंत्रण ठेवते. त्यांपैकी ‘टी’ व ‘आय’ या प्रथिनांची हृदयातील घडण इतर स्नायूंतल्यापेक्षा निराळी आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना ओळखणाऱ्या रक्ततपासण्या तयार झाल्या आणि २००० साली युरोप व अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने बांधली.

आता या दोन वाटा जेथे मिळतात त्या प्रश्नाकडे वळता येईल. संधिवाताच्या तापात सीआरपी व ईएसआर भडकलेले असतात, हृदय मोठे झालेले असते, मूल धापा टाकत असते. तेव्हा हृदयाचा स्नायूच दाहाने जळतो आहे, असे मानणे स्वाभाविक होते, आणि तसे सर्व पाठ्यपुस्तकांत लिहिलेले होते. लुडविग अ‍ॅशॉफ यांनी १९०४ मध्ये हृद्स्नायूत वर्णिलेल्या सूक्ष्म गाठी या मताला बळ देत. तसे असेल तर दाह दाबणाऱ्या औषधांनी हृदय वाचायला हवे होते. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन-अमेरिकेच्या संयुक्त पाहणीत सुमारे पाचशे मुलांना अ‍ॅस्पिरिन, कॉर्टिझोन किंवा एसीटीएच यांपैकी एक औषध दिले गेले. ताप उतरला, सांधे मोकळे झाले, रक्तातील खुणा खाली आल्या. वर्षानंतर उरलेल्या झडपांच्या विकारात मात्र तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. रक्तातील आकडा सुधारला म्हणजे अवयव वाचला असे नसते, हा धडा येथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे मिळाला, आणि तो पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नाही.

भारतातला आजार तर आणखी निष्ठुर होता. पाश्चात्त्य ग्रंथांनुसार पहिल्या तापानंतर झडप अरुंद व्हायला वीसेक वर्षे लागत. पण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजॉय रॉय, एम. एल. भाटिया, व्ही. रामलिंगस्वामी आदींनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की येथे विशीच्या आतल्या मुलामुलींत, क्वचित अगदी कोवळ्या वयातही, मायट्रल झडप पूर्ण आवळलेली सापडते. पद्मावतींच्या पाहण्यांनीही दिल्लीतील हृदयरुग्णांत संधिवाताच्या तापाचे बळी किती मोठ्या संख्येने आहेत हे आकड्यांनिशी मांडले, आणि उष्ण प्रदेशात हा आजार नसतो हा समज कायमचा निकालात निघाला.

निर्णायक पुरावा मिळाला तोही दिल्लीतच. जगत नरूला, प्रेम चोप्रा, के. के. तलवार, राजेंद्र टंडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्विज्ञान संस्थेत संधिवाताच्या तापाच्या रुग्णांच्या हृदयातून कॅथेटरवाटे तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अ‍ॅशॉफच्या गाठी थोड्याच रुग्णांत सापडल्या. दाहाच्या पेशी स्नायूतंतूंच्या मधल्या जागेत दिसल्या. पण खुद्द स्नायूपेशींचा मृत्यू, जो खऱ्या स्नायुदाहाचे लक्षण असतो, तो जवळजवळ आढळला नाही. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या एसॉप व सहकाऱ्यांनी दाखवले की अशा रुग्णांची गळकी झडप शस्त्रक्रियेने बदलली की फुगलेले हृदय आकुंचन पावून पूर्ववत होते. म्हणजे स्नायू मुळात शाबूत होता, झडप गळत असल्याने तो ओझ्याखाली ताणला गेला होता. २००० नंतर ट्रोपोनिनची तपासणी रूढ झाल्यावर निरनिराळ्या देशांत ती या रुग्णांवर करून पाहिली गेली, आणि सीआरपी खूप चढलेले असूनही ट्रोपोनिन, काही अपवाद सोडता, सामान्यच राहते असे निष्पन्न झाले. शरीरव्यापी दाह अतिशय तीव्र, हृदयाचे नुकसान आयुष्यभराचे, आणि तरीही हृद्स्नायूच्या इजेची खूण रक्तात नाही. या आजाराने हृदयातले बिजागर धरले होते, भिंत नव्हे.

उलट दिशेचे नातेही याच काळात उलगडत होते. रक्तवाहिनी तुंबून झटका आला की मेलेला स्नायू स्वतःच दाहाला निमंत्रण देतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील मार्क पेपिस व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले की झटका जितका मोठा, म्हणजे सीके-एमबी जितके चढलेले, तितके दोन दिवसांनी सीआरपीचे शिखर उंच. येथे इजा आधी आणि दाह मागाहून. पण १९९४ मध्ये जुझेप्पिना लिउत्सो, अत्तिलिओ मासेरी आदींनी अस्थिर हृदयशूळाचे असे ३१ रुग्ण तपासले ज्यांच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेले नव्हते, आणि तरी त्यांपैकी २० जणांचे सीआरपी दाखल होतानाच चढलेले होते. ज्यांचे ते चढलेले होते त्यांनाच पुढे झटके अधिक आले. म्हणजे स्नायू मरण्याआधीच रक्तवाहिनीच्या भिंतीत दाह पेटलेला होता. पॉल रिडकर यांच्या १९९७ च्या अभ्यासाने निरोगी दिसणाऱ्या पुरुषांतही सीआरपीचा तो किरकोळ अंश पुढच्या धोक्याची सूचना देतो असे सांगितले, आणि २०१७ मध्ये १०,०६१ रुग्णांवरील चाचणीत कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह दाबून पुढचे हृदयविकार सुमारे १५ टक्क्यांनी घटले. अर्थात जीवघेणा जंतुसंसर्ग थोडा वाढण्याची किंमत देऊन. ते औषध इतके महाग आहे की पहाडगंजच्या रुग्णाला त्याचे नावही ऐकायला मिळण्याचा संभव नाही.

पद्मावतींचे आणखी एक संशोधन या संदर्भात विसरता येत नाही. लेडी हार्डिंगमध्ये त्यांना अशा स्त्रिया भेटत ज्यांचे हृदयाचे उजवे अंग फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे थकलेले असे. एस. एन. पाठक यांच्यासह १९५९ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात त्यांनी दिल्लीतील अशा १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडात हा कारखान्यांतल्या व सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार. येथे तो धूम्रपान न करणाऱ्या, तुलनेने तरुण स्त्रियांतही मोठ्या प्रमाणात दिसला, आणि कारणाचा शोध घेताना त्यांचे लक्ष स्वयंपाकघरातील शेणी व लाकडाच्या धुराकडे गेले. धुराने श्वासनलिकांत पेटलेला दाह रक्तात उतरतो आणि हृदयापर्यंत पोचतो, हे आजच्या दिल्लीच्या हवेबद्दल रोज बोलले जाते. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या संदर्भात ते सहा दशकांपूर्वी एका बाईनेच लिहून ठेवले होते, याची आठवण क्वचितच काढली जाते.

उपचाराच्या इतिहासात महाराष्ट्राचा धागा येतो तो पिंपरीहून. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. संधिवाताच्या तापापुरता विचार केला तर पेनिसिलिन हे दाहावरचे औषध नाही, ते दाहाच्या आधीचे औषध आहे: घसा धरल्यावर वेळेत दिले तर ताप येतच नाही, आणि एकदा ताप येऊन गेलेल्याला लांब काळ टिकणारे बेंझाथीन पेनिसिलिन दर तीन आठवड्यांनी कुल्ल्यात टोचत राहिले तर तापाचा दुसरा हल्ला टळतो व झडपेवर व्रणावर व्रण चढत नाही. भारतभरच्या दवाखान्यांत ‘पेनिड्यूर’ या नावाने ओळखले जाणारे हे इंजेक्शन दुखते, पाय दोन दिवस जड राहतो, आणि मुलाला कसलाच त्रास होत नसताना ते का घ्यायचे हे आईबापांना पटवणे, विशेषतः रोजंदारी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्यांना पटवणे, कठीण असते. तरीही गेल्या सत्तर वर्षांत या आजारावर याच्याइतका परिणामकारक उपाय सापडलेला नाही.

दाह आणि स्नायूची इजा या दोन खुणा एकाच रुग्णात, एकाच वेळी, हातात हात घालून चढताना जगाने पाहिल्या त्या २०२० मध्ये. वुहानमधील ४१६ कोविड रुग्णांच्या अभ्यासात ८२ जणांचे ट्रोपोनिन वाढलेले होते. त्यांच्यातील निम्म्याहून अधिक, ५१.२ टक्के, दगावले, तर ज्यांचे वाढले नव्हते त्यांच्यातील ४.५ टक्के. त्याच शहरातील १८७ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात ट्रोपोनिन ‘टी’ व सीआरपी एकमेकांच्या प्रमाणात चढत असल्याचे दिसले. २०१८ च्या जागतिक व्याख्येने ‘झटका’ व ‘हृद्स्नायूची इजा’ या संज्ञा वेगळ्या केल्या होत्या, त्यामुळे असे प्रत्येक ट्रोपोनिन म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी नव्हे, प्राणवायूची टंचाई, सूक्ष्म गुठळ्या व शरीरभर उसळलेला दाह यांनीही स्नायू दुखावतो, हे डॉक्टरांना मांडता आले. दिल्लीच्या रुग्णालयांत त्या वर्षी तापाच्या रुग्णाच्या केसपेपरवर हे दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले जात होते. २९ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी, पद्मावती यांचे कोविडने निधन झाले; त्यांनीच १९८१ मध्ये उभारलेल्या दिल्लीच्या नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

रक्ततपासणीवर विसंबण्याची मर्यादा दिल्लीच्या परिसरातच केलेल्या एका पाहणीने ठळक केली आहे. आयुर्विज्ञान संस्थेच्या अनिता सक्सेना व सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढ येथे ५ ते १५ वर्षांची ६,२७० शाळकरी मुले तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. छातीला स्टेथोस्कोप लावून झडपेचा विकार दर हजारी ०.८ मुलांत सापडला. ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या इको तपासणीने तो दर हजारी २०.४ मुलांत दिसला. या मुलांना ताप नव्हता, दम लागत नव्हता, ती शाळेत येऊन खेळत होती. झडपेवरचा असा शांत व्रण कोणत्याही रक्ततपासणीत उमटत नाही. तो डोळ्यांनी पाहावा लागतो. म्हणून दाट वस्तीतल्या शाळांमधून इकोची तपासणी पोचवणे, आणि ज्या मुलाला एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला आहे त्याचे पेनिसिलिन डॉक्टरांनी सांगितलेल्या वयापर्यंत, रक्ताचे सर्व आकडे चांगले आले तरीही, न चुकता चालू ठेवणे, हे पालकांनी, शिक्षकांनी आणि सरकारी दवाखान्यांनी आपले काम मानले पाहिजे. हृदयाला दाहाने एकदाच ग्रासले असेल तर हे इंजेक्शन साधारणपणे निदान दहा वर्षे किंवा पंचविशीपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर, दर एकवीस दिवसांनी घ्यावे लागते; झडप फार बिघडली असेल तर जन्मभर.